हक्कधारकाची नोटीस आणि रसिकाची चित्रफीत

मध्य प्रदेशातील सौंसर तहसिलीत, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर बोरगाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली सौंसर व पांढुर्णा या तहसिली मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. सरकारी नकाशे असे पालटत गेले, तरी या भागातील घरांतून मराठी भाषा टिकून राहिली. येथील मराठी माणसाला आज पुण्या-मुंबईच्या कलेशी जोडले आहे ते मोबाइलच्या लहानशा पडद्याने. त्या पडद्यापुढे तो केवळ प्रेक्षक राहिलेला नाही. आवडत्या चित्रपटातील प्रसंग जुळवावेत, त्यांवर आवडत्या गीताचा तुकडा बसवावा आणि ही आपली कारागिरी जगापुढे मांडावी, असा छंद गावोगावच्या तरुणांना लागला आहे.

समजा, बोरगावच्या अशा एखाद्या तरुणाची चित्रफीत हजारो लोकांनी पाहिली, आणि एके दिवशी ती नाहीशी होऊन तिच्या जागी हक्कधारकाच्या तक्रारीचा मजकूर आला. तो मजकूर त्याला न्यायालयाच्या हुकुमासारखा वाटेल आणि तो गप्प बसेल. वस्तुतः ती एका पक्षाने घेतलेली हरकत असते. तिला आधार असू शकतो, तसाच नसूही शकतो. आणि दुसऱ्या पक्षाला उत्तर देण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवलेला असतो. हा मार्ग कसा घडत आला, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

लेखकाच्या हक्काचा पहिला प्रसिद्ध कायदा इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आला. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ साली तशाच धर्तीचा कायदा केला. छापखाने वाढले तसे तंटेही वाढले. त्यांपैकी मुंबईचा एक तंटा आजही उद्धृत केला जातो. गंगाविष्णु श्रीकृष्णदास यांच्या पक्षाने १८८४ साली ‘व्रतराज’ या जुन्या संस्कृत ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. त्यांनी पंडितांकडून मजकुराची फेरमांडणी करविली, अन्य जुन्या ग्रंथांतील उतारे घातले आणि तळटीपा जोडल्या. दोन वर्षांनी मोरेश्वर बापूजी हेगिष्टे आदी प्रतिवादींनी त्याच ग्रंथाची आवृत्ती छापली. तिच्यात तेच उतारे आणि त्याच तळटीपा, त्याच ठिकाणी होत्या. मूळ ग्रंथ तर कोणाच्याच मालकीचा नव्हता. मग चोरी कशाची, असा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने १८८९ साली त्याचा निर्णय दिला. जुन्या सामग्रीची नवी रचना करण्यात जे श्रम पडले, त्यांना संरक्षण आहे, असे न्यायालयाने ठरविले. प्रतिवादींना मूळ पोथ्यांकडे जाण्यास कोणी अडविले नव्हते. परंतु ते पोथ्यांकडे न जाता वादींच्या पुस्तकाकडे गेले, आणि तेथेच त्यांचा दोष ठरला.

या निर्णयातून दोन प्रश्न पुढे आले. आधार कोठून घेतला आणि आपले असे काय घातले? आजच्या चित्रफितीलाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

मराठी कलेत उसनवारी नवी नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील अनेक पदे लोकांच्या ओठी असलेल्या चालींवर बांधलेली होती. नाटकाच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश करण्याची रीत पडली, ती ऋण मान्य करण्याची रीत होय. पुढे आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ या संग्रहात समकालीन कवींचे विडंबन केले आणि मराठी वाचकाने त्याचे कौतुक केले. मूळ कृती ठाऊक असल्याखेरीज विडंबनाचा आनंदच घेता येत नाही. ते मूळ कृतीवरच उभे असते.

१९१४ चा कायदा ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला होता. स्वतंत्र भारताने १९५७ साली आपला कायदा केला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकावा, अशी त्यात तरतूद होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या निमित्ताने ही मुदत साठ वर्षांची करण्यात आली.

गाण्याच्या बाबतीत हक्काचे निरनिराळे थर असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याच्या मालकीचे, अशी स्थिती नेहमीचीच आहे. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे. परंतु एखाद्या गायकाने तो गाऊन कंपनीने काढलेले नवे ध्वनिमुद्रण सर्वांचे होत नाही. तुकडोजी महाराज १९६८ साली निवर्तले. त्यांच्या रचनांवरील हक्काची मुदत साठ वर्षांच्या हिशेबाने २०२८ अखेरपर्यंत चालते. प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचे उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. त्यातील बीज आणि तरू यांच्या दृष्टान्ताचे गीत शांताराम आठवले यांनी लिहिले. ते इतके अस्सल उतरले की, पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग समजून म्हटले. आठवले १९७५ साली वारले. जे गीत लोकांनी संतवाणी मानले, त्याच्या शब्दांवरील हक्काची मुदत २०३५ अखेर संपेल. लोकांच्या तोंडी रुळलेले गीत लोकांच्या मालकीचे असतेच असे नाही.

हक्कधारक म्हणजे केवळ धनाढ्य कंपनी, अशीही समजूत करून घेऊ नये. गीतकार व संगीतकार यांनी एकदाच रक्कम घेऊन सर्व हक्क निर्मात्याच्या हवाली करावेत, अशीच चित्रसृष्टीची दीर्घकाळची चाल होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती मोडली. चित्रगृहातील खेळाखेरीज अन्य उपयोगांतून मिळणाऱ्या मानधनातील त्यांचा वाटा त्यांना आता सोडून देता येत नाही. या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी आग्रह धरला होता. गाणे फुकट उचलले जाते तेव्हा ज्याने ते लिहिले त्याच्या ताटातील घासही उचलला जातो, ही बाजू रसिकाने विसरता कामा नये.

आता नोटिशीकडे वळू. अमेरिकेने १९९८ साली एक कायदा केला. हक्कधारकाने तक्रार केल्यास संकेतस्थळाने मजकूर काढावा, ज्याचा मजकूर काढला त्याने प्रत्युत्तर द्यावे, आणि तक्रारदार ठराविक दिवसांत न्यायालयात गेला नाही तर मजकूर परत ठेवता यावा, असा त्याचा सांगाडा आहे. यूट्यूब २००५ साली निघाले व अमेरिकन कंपनी म्हणून याच पद्धतीने चालते. २००७ पासून तेथे ध्वनी व चित्र ताडून पाहणारी यंत्रणा आली. यंत्राने लावलेला दावा आणि हक्कधारकाने रीतसर पाठविलेली काढून टाकण्याची मागणी, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दाव्यामुळे बहुधा चित्रफितीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा ती रोखली जाते. मागणीमुळे मात्र खात्यावर ठपका येतो. नव्वद दिवसांत असे तीन ठपके आले तर खातेच बंद होऊ शकते. यंत्र सूर ओळखते. टीका कोणती, विडंबन कोणते आणि सरळ नक्कल कोणती, हे त्याला उमगत नाही.

माणसेही घाई करतात. २००७ साली अमेरिकेत एका आईने आपल्या बाळाच्या नाचाची २९ सेकंदांची चित्रफीत मांडली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते, तेवढ्यावरून ती काढविण्यात आली. त्या आईने दाद मागितली. नोटीस धाडण्यापूर्वी उपयोग न्याय्य आहे की नाही याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने २०१५ साली दिला.

भारतातही हा विचार पुढे गेला आहे. टी-सीरीज आणि मायस्पेस यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ साली असे ठरविले की, नेमकी कोणती कृती हक्काविरुद्ध आहे हे हक्कधारकाने दाखवून दिले पाहिजे. मोघम तक्रारीवरून संकेतस्थळाला दोषी धरता येत नाही. २०१२ ची दुरुस्ती आणि २०१३ चे नियम यांनुसार लेखी तक्रार आल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर रोखावयाचा असतो. पण २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम ६० अन्वये दाद मागता येते. टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी न्याय्य उपयोगाची मुभा कलम ५२ मध्ये आहे. एका प्रसिद्ध मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली याच तत्त्वाचा आधार दिला होता. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांत गाणे वाजविण्यासही याच कलमाने सूट आहे. परंतु त्याच वरातीची चित्रफीत जगापुढे मांडण्याला ती सूट आपोआप लागू होते, असे गृहीत धरून चालू नये.

नोटीस आली म्हणजे ती प्रथम नीट वाचावी. हा यंत्राचा दावा आहे की रीतसर मागणी आहे, तक्रारदार कोण आहे आणि हरकत शब्दांवर आहे, चालीवर आहे की ध्वनिमुद्रणावर आहे, हे पाहावे. मूळ कर्त्याला श्रेय दिले, अथवा पैसा मिळविला नाही, एवढ्याने परवानगी मिळाली असे होत नाही. अख्खे गाणे जसेच्या तसे घेतले असेल, तर ते सरळ काढून टाकणे किंवा परवानगी मागणे, हाच प्रामाणिक मार्ग. उलट, मजकूर स्वतःचा असेल, मुदत संपलेला असेल अथवा टीकेपुरताच घेतला असेल, तर उत्तर द्यावे. अमेरिकन पद्धतीच्या प्रत्युत्तरात खरे नाव व पत्ता द्यावा लागतो, तो तक्रारदाराला कळतो आणि विधान खोटे ठरल्यास त्याची जबाबदारी येते; म्हणून ते रागाच्या भरात लिहू नये.

‘व्रतराजा’च्या खटल्यात दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर निकाल झाला होता. आजच्या व्यवस्थेत शिक्षा आधी होते आणि सुनावणी मागाहून. तीही कोणी मागितली तरच. हक्कधारकाचे श्रम आणि रसिकाचे प्रेम या दोहोंना न्याय मिळावयाचा, तर ती सुनावणी मागण्याइतके ज्ञान बोरगावसारख्या गावातील तरुणालाही असले पाहिजे. अज्ञानाने पत्करलेले मौन, हा हक्काचा आदर नव्हे.