अडगांवच्या शिपायास कोणीं विचारलें ?

इ. स. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या मैदानावर आर्थर वेलस्लीनें नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यांतील गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां कामास आला. आणि १७ डिसेंबरला देवगांवचा तह झाला. इतकी हकीकत आम्हां वऱ्हाडकरांस ठाऊक असते. पण ती आपणांस कोणाच्या तोंडून कळली, याचा विचार आपण क्वचितच करतों.

अडगांवीं तोफा सुरू होतांच इंग्रजांच्याच कांहीं देशी पलटणी मागें पळाल्या व वेलस्लीनें त्या स्वतः सांवरल्या, हें आपणांस कळतें तें त्याच्याच पत्रावरून. समोरच्या गोलंदाजांस ती पळापळ दिसली कीं नाहीं, दिसली तर त्यांना काय वाटलें, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. पुढें १८५१ सालीं कंपनी सरकारनें या व नंतरच्या मोहिमांतील आपल्या हयात सैनिकांस चांदीचें पदक दिलें; त्याच्या पट्ट्यांवर अडगांव व गाविलगड यांचीं नांवें आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांनीं कां होईना, जेत्यांच्या म्हाताऱ्यांची नोंद झाली. भोसल्यांकडून लढलेला एखादा वृद्ध त्याच सालीं वऱ्हाडांतल्या ओट्यावर बसून नातवंडांस तीच कथा सांगत असेल. ती त्याच्याबरोबर गेली.

विचारणारा भेटला म्हणजे काय लाभतें, याचें उदाहरण मराठींतच आहे. १८५७-५८ च्या धामधुमींत झांशीस सांपडलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या आठवणी चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहामुळें लिहिल्या गेल्या व १९०७ सालीं 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध झाल्या. तो आग्रह झाला नसता तर ?

वृद्धाची स्मृति चुकते, असा आक्षेप येईल. सन व तारीख ती चुकते हें खरें, व त्यासाठीं कागदपत्रें ताडून पाहिलींच पाहिजेत. परंतु भूक, भय आणि शेजारीं पडलेल्या सोबत्याचें नांव ती सहसा चुकत नाहीं. आणि हें कोणत्याच खलित्यांत सांपडत नाहीं.

१९६२ सालीं विशींत असलेला जवान आज ऐंशीपलीकडे गेला आहे, १९७१ चा सत्तरीपलीकडे. असे निवृत्त सैनिक आमच्या या दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि आवाज टिपण्याचें यंत्र तर आज ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. महाविद्यालयांतील तरुणांनीं त्यांच्याकडे जावें, परवानगी घ्यावी, आणि घरचें पत्र किती दिवसांनीं येई, रात्रीं काय खाल्लें, असे साधे प्रश्न विचारावे. उत्तर वऱ्हाडी बोलींत आलें तर तसेंच ठेवावें, त्यास पुस्तकी वेष चढवूं नये. दिनांक व स्थळ लिहून एक प्रत ग्रंथालयांत द्यावी.

अडगांवच्या शिपायास विचारण्याची वेळ गेली. यांना विचारण्याची अजून गेलेली नाहीं.