शिकार, ताट आणि पहिले शील



प्राणिहत्येपासून दूर राहीन, असे आपण विहारात म्हणतो, आणि घरी रविवारी मटण शिजते. मग कुणी विचारतो, "तुम्ही कसले हो बौद्ध?" आपली पोरं खाली मान घालतात. मान घालायचं कारण नाही, पण इतिहास माहीत पाहिजे.

देवदत्ताने मागणी केली की भिक्षूंना मांस-मासळी कायमची बंद करा. भगवान बुद्धांनी ती मानली नाही. आपल्यासाठी जनावर मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर घेऊ नये, एवढाच नियम ठेवला. भिक्षू दारोदार फिरणारा. गरिबाने वाढलेलं तो कसा नाकारील?

शिकारीची गोष्ट वेगळी. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला. त्या लेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे मौजेसाठी शिकारीला निघत. अशोकाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केली.

आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या दहाव्या लेण्यात छद्दंत हत्तीचे चित्र आहे. राणीच्या हट्टापायी शिकारी त्याला बाण मारतो. हत्ती त्याला ठार करू शकत होता, पण अंगावरचे काषायवस्त्र पाहून क्षमा करतो. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला आलेला कॅप्टन जॉन स्मिथ याच लेण्यात शिरला आणि खांबावर स्वतःचे नाव कोरून गेला! समोरचे चित्र काय सांगते, हे त्याला कुठून कळणार?

आमचे आजोबा सांगायचे, गावात बडे लोक शिकारीला आले की हाका घालायला आपलीच माणसं धरून न्यायचे. शिकार त्यांची, धाप आमची, वाट्याला आतडी. मेलेलं ढोर ओढायचं तेही आम्हीच, आणि भुकेपोटी खायचं तेही आम्हीच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. आजोबांनी सोडलं. उपाशी राहिले, पण सोडलं. ते स्वाभिमानासाठी होतं.

बाबासाहेबांनी पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात फरक दाखवला: गरजेपोटी मारणं वेगळं, मारण्याची हौस वेगळी. माझ्या मते पहिल्या शीलाची कसोटी हीच. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नका. आपल्या हाताला विचारा, हे गरजेसाठी की हौसेसाठी? ज्याला मांस सोडता येईल त्याने आनंदाने सोडावं. पण सोडलं म्हणून कुणाला हिणवू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!