'टू' आणि 'इंग' यांची कुळकथा

'मला पोहायला आवडतं' याचं इंग्रजी करताना मराठी माणूस सहज 'आय एन्जॉय टू स्विम' म्हणून जातो आणि वहीवर लाल शाई उमटते. 'एन्जॉय'पुढे 'स्विमिंग', 'वॉन्ट'पुढे 'टू स्विम', एवढं घोकायचं. का, ते विचारायचं नाही. पण उत्तर आहे, आणि ते या दोन रूपांच्या कुळात सापडतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'पिणे' म्हणजे 'ड्रिंकन'. त्याआधी 'कडे' या अर्थाचा 'टो' आला की शेवटही बदलायचा: 'टो ड्रिंकेन्ने'. ही चक्क चतुर्थी, आपल्या 'पिण्यास'सारखी! पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजून गेले आणि खूण म्हणून 'टू' तेवढा उरला. बिनटूच्या जुन्या रूपाचा वंश 'आय कॅन स्विम'मध्ये अजून नांदतो आहे.

'इंग'चं घराणं नामाचं. 'उंग' किंवा 'इंग' लावून क्रियापदाचं नाम करत. आजचं 'लर्निंग' त्यातलंच. चालू क्रिया दाखवणारं रूप निराळं होतं, त्याच्या शेवटी 'एन्डे' असे. मध्ययुगात तेही 'इंग'मध्येच मिसळलं. 'इंग'च्या नामाला आधी 'ऑफ'च्या आधाराने कर्म जोडावं लागे. चौदाव्या शतकाच्या सुमारास ते थेट कर्म घेऊ लागलं. 'रीडिंग द बुक' ही रचना त्यातून रुळली.

कुळ कळलं की स्वभाव कळतो. 'टू' पुढे बोट दाखवतो, म्हणून 'होप', 'डिसाइड', 'वॉन्ट' यांच्याशी त्याचं जमतं. 'इंग' क्रिया वस्तूसारखी हातात ठेवतं. 'एन्जॉय', 'फिनिश', 'अ‍ॅडमिट' यांना तेच हवं असतं. 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे त्याने चहा सोडला. 'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे तो चहा प्यायला थांबला. एका 'टू'ने व्यसनमुक्त माणूस पुन्हा टपरीवर!

तरी कुळावरून सगळं ठरत नाही. 'सजेस्ट' पुढचंच सुचवतो, पण 'इंग' मागतो. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'मधला 'टू' तर अजून जुना 'कडे'च आहे, म्हणून त्यापुढे नाम येतं. तेव्हा नियमांची यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक क्रियापद त्याच्या अख्ख्या वाक्यासकट पाठ करा.