ब्राउन गर्ल ड्रीमिंग

अमेरिकन लेखिका जॅक्लिन वुडसन यांचे मुक्तछंदातील बालपणीचे आत्मकथन (२०१४). वुडसन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९६३ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यावर आई मुलांना घेऊन दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल या आपल्या माहेरगावी आली. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थिरावले.

त्या काळात अमेरिकेत वर्णभेद कायद्यातून हटत होता, व्यवहारातून नव्हे. पुस्तकात तो घरच्या बारीकसारीक गोष्टींतून दिसतो. आजोबा छापखान्यात फोरमन. संध्याकाळी शाईने माखलेले तळहात पाहून गोरा कोण नि काळा कोण ते सांगता येऊ नये. तरीही गोरे कामगार त्यांना आडनावाने, मानाने न बोलावता नुसत्या नावाने ‘गनर’ अशी हाक मारतात. आई मुलांना कुणालाही ‘मॅम’ म्हणू देत नाही. उत्तर द्यायचे ते नजरेला नजर देऊन. आजी यहोवाज विटनेसेस पंथाची, त्यामुळे मुलांच्या वाट्याला सभा आणि घरोघरचा प्रचारही येतो.

थोरली बहीण ओडेला अभ्यासात हुशार, तर जॅक्लिन अडखळत वाचणारी. पण कानांची तिखट. ऑस्कर वाइल्डची ‘द सेल्फिश जायंट’ ही गोष्ट तिला पाठ होते आणि ती वर्गात घडाघडा म्हणून दाखवते. ग्रंथालयात जॉन स्टेप्टो यांचे ‘स्टीव्ही’ हे चित्रपुस्तक सापडते, त्यात आपल्याच रंगाची माणसे असतात. तिने रचलेल्या गोष्टी आईला खोटेपणा वाटतात. मामा मात्र त्यांना उत्तेजन देतो.

पुस्तक छोट्या छोट्या, स्वतंत्र शीर्षकांच्या कवितांचे आहे. अधूनमधून ‘हाउ टु लिसन’ या शीर्षकाखाली दहा हायकू येतात. पुस्तकाची खरी नाडी तिथे सापडते: ही मुलगी ऐकत ऐकत लेखिका झाली. स्वतःच्या जन्माचा प्रसंगही तिने घरच्यांच्या तोंडून ऐकूनच लिहिला आहे. काही कविता म्हणजे ओळी तोडलेले गद्यच, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पण तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या आठवणींना सलग गद्य कितपत मानवले असते, ही शंकाच आहे.

पुस्तकाला २०१४चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. त्या समारंभात सूत्रसंचालकाने वुडसन यांना उद्देशून कलिंगडावरून वर्णद्वेषी विनोद केला. त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याला उत्तर दिले. २०१५मध्ये पुस्तकाला कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार आणि न्यूबेरी ऑनर हे सन्मान लाभले. समग्र बालसाहित्यासाठी वुडसन यांना २०२०मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार देण्यात आला.