'या' जिल्ह्यांना रेड अलर्ट! मथळ्यातला हा 'या' आपल्याला का थांबवतो?

"'या' जिल्ह्यांना उद्या रेड अलर्ट!" "'या' महिलांना लाडकी बहीणचा हप्ता मिळणार नाही!" असे मथळे तुमच्याही फीडमध्ये येत असतील. जिल्हे कोणते, महिला कोणत्या, हे मात्र लिंक उघडल्याशिवाय कळत नाही. वाचकाला खिळवून ठेवण्याची ही कॉपीरायटिंगमधली एक जुनी युक्ती. अशा युक्त्या नेमक्या कशा काम करतात?

मथळा अर्धवट का ठेवतात?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल एक सिद्धांत मांडला. आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यायचं आहे, त्यातलं अंतर लक्षात आलं की ते टोचत राहतं. गंमत म्हणजे, पूर्ण अनोळखी विषयात असं होत नाही. थोडी माहिती आधी असावी लागते. रेड अलर्ट आपल्याला ठाऊक असतो, फक्त जिल्ह्याचं नाव गाळलेलं असतं. म्हणूनच स्क्रोल करणारं बोट थांबतं.

क्लिक केल्यानंतर काय?

वाचक आला तरी तो टिकेलच असं नाही. ब्लूब्लॉकर गॉगल विकणारे अमेरिकन कॉपीरायटर जोसेफ शुगरमन यांनी जाहिरातीच्या मजकुराला घसरगुंडीची उपमा दिली होती. पहिल्या वाक्याचं काम एकच, दुसरं वाक्य वाचायला लावणं. त्यामुळे सुरुवातीची वाक्यं छोटी आणि सोपी ठेवतात.

शिवाय स्क्रीनवर बहुतेक जण मजकूर नुसता चाळतात. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, चाचणीतल्या ७९ टक्के लोकांनी नवीन पान फक्त चाळलं, तर शब्दन् शब्द वाचणारे होते १६ टक्के. उपशीर्षकं, छोटे परिच्छेद आणि ठळक अक्षरं येतात ती यासाठीच. यात फसवणूक काहीच नाही, उलट वाचकाची सोय होते.

युक्ती कधी फसवी ठरते?

"घाई करा, फक्त २ शिल्लक!" खरोखर दोनच वस्तू उरल्या असतील, तर ही माहिती झाली. नसतील, तर ती खोटी घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांमध्ये खोटी घाई आहे. ऑफर नाकारणाऱ्याला अपराधी वाटेल अशी बटणावरची भाषाही त्यात येते. उदाहरणार्थ, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत".

"सहमत असाल तर शेअर करा", "पाच मित्रांना टॅग करा" अशा पोस्टची पोहोच कमी करणार असल्याचं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं.

मग फरक ओळखायचा कसा?

सोपी कसोटी म्हणजे मथळ्यात दिलेला शब्द मजकुरात पाळला आहे का, आणि किती लवकर? सिनेमाच्या किंवा प्रवासाच्या गोष्टीत रहस्य शेवटपर्यंत राखलं तर मजा येते. पण हवामान विभागाच्या भाषेत रेड अलर्ट म्हणजे तातडीने कृती करण्याचा इशारा. तिथे जिल्ह्याचं नाव दहाव्या परिच्छेदात लपवणं म्हणजे ज्याला सावध व्हायचं आहे, त्यालाच ताटकळत ठेवणं. हप्त्याच्या बातमीचंही तेच. ज्या घराचा महिन्याचा हिशोब त्या पैशांवर चालतो, तिथे अर्धवट मथळा नुसती धास्ती पोहोचवतो.

आपण काय करू शकतो?

* इशारा किंवा सरकारी योजनेची बातमी असेल, तर हवामान विभागाच्या किंवा त्या योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर थेट पाहा.
* पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत उत्तर सापडलं नाही, तर पान बंद करा.
* ग्रुपवर लिंक पाठवताना जिल्ह्यांची नावं आणि तारीख स्वतः टाइप करा. म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या आजी-आजोबांना 'या' म्हणजे कोण, हे शोधत बसावं लागणार नाही.