बंबाला डाग

गीझर बिघडला की आपण ॲपवरून माणूस बोलावतो. 1990 च्या दशकात आमच्या नाशिकच्या वाड्यात गीझर म्हणजे तांब्याचा बंब! मधल्या नळीत ढलप्या-कोळसा पेटवायचा, भोवती पाणी. तोटीतून कढत काढाल तितकं वरून गार ओतायचं. गोम इथेच आहे बघा: पाणी संपलं आणि जाळ चालूच राहिला, तर सांध्याचा कथलाचा डाग वितळतो.

नरक चतुर्दशीच्या पहाटे नेमकं तेच झालं. ओतायला विसरलो मीच! आजीनं जाळ विझवला, चुलीवर हंडा चढवला. उजाडताच आजोबा बंब घेऊन तांबट लेनमध्ये. दिवाळी असूनही तांबटकाकांनी सांधा घासला, नवसागर लावून डाग दिला, पाणी भरून तपासलं.

आजीनं मात्र वर्षभर मला बंबाजवळ फिरकू दिलं नाही.