देहूच्या महाजनाचा हिशेब

कर्जरोख्यांचे दोन वाटे झाले. एक धाकट्या भावाचा, कान्होबाचा, दुसरा तुकोबांचा. कान्होबाने आपला वाटा घरात ठेवला. तुकोबांनी आपला इंद्रायणीत सोडला. महिपतींनी १७७४ सालच्या ‘भक्तलीलामृता’त सांगितलेली ही गोष्ट आजवर ऐकली जाते ती बुडालेल्या अर्ध्यासाठी. पण घरात राहिलेला अर्धाही तेवढाच बोलका आहे. आपल्याला सावकारी नकोशी झाली, म्हणून भावाचा हक्क बुडवायचा नसतो, हे त्या माणसाला पक्के कळत होते.

कळणारच. तुकोबा देहूच्या पेठेचे महाजन. कूळ मोरे, आडनाव आंबिले, जात कुणबी, धंदा वाण्याचा आणि जोडीला सावकारी. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठल आणि पंढरीची वारी. थोरला भाऊ सावजी बायको गेल्यावर घर सोडून निघून गेला, तेव्हा दुकान, वसुली आणि देऊळ असे सगळे मधल्याच्या गळ्यात पडले. म्हणजे तुकोबांनी तोवर आयुष्याचा उद्देश वगैरे काही निवडला नव्हता. तो वारसाहक्काने आलेला होता, आणि बऱ्यापैकी चाललाही होता.

मग पाऊस गेला. १६३० ते १६३२ या काळात गुजरातेपासून दख्खनपर्यंत दुष्काळ पडला. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरची प्रेते आपल्या दैनंदिनीत नोंदवून ठेवली आहेत. त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. देहूच्या महाजनाचे दिवाळे निघाले. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. तुकोबा तेव्हा विशी ओलांडलेले तरुण होते.

पुढे संतमंडळींनी विचारले, की तुम्ही या वाटेला लागलात तरी कसे? त्यावर तुकोबांनी दिलेले उत्तर एका आत्मचरित्रपर अभंगात आहे. खरे तर हे सांगू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, असे ते सुरुवातीलाच म्हणतात. नंतरचा सूर थेट खातेवहीचा. आईवडील गेले, दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही नेले, बायको गेली, लाज वाटली, धंद्यात तूट दिसू लागली. मग देऊळ मोडकळीला आलेले दिसले आणि ते दुरुस्त करावेसे वाटले. सुरुवातीला कीर्तन जमत नव्हते, म्हणून संतांची काही वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. गुरूचा स्वप्नातला उपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती येते ती यानंतर, बरीच उशिरा. वैकुंठाला नेणारे विमान पाहण्याच्या ओढीने तुकोबांकडे वळलेल्या आपल्यासारख्यांना हा क्रम जरा गैरसोयीचाच आहे: आधी देवळाची डागडुजी, मग साक्षात्कार.

आणि लाज. दिवाळखोरीची लाज त्यांना घराबाहेर काढते; संतांच्या पायाचे तीर्थ घेताना मात्र तीच लाज ते मध्ये येऊ देत नाहीत. चारचौघांचे मत बाजूला ठेवून खऱ्याखोट्याला आपलेच मन साक्ष धरले, असे ते सांगतात. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा शिरोभागी छापायला त्यांनी निवडला तो तुकोबांचाच अभंग, भीड टाकून बोलण्याविषयीचा. पुढे १९५४च्या २५ डिसेंबरला आंबेडकर तुकोबांच्या देहूजवळच्या देहूरोडला आले आणि त्यांच्या हस्ते तिथे बुद्धमूर्ती बसली.

या हिशेबात एक बाजू दुसऱ्या बायकोची, जिजाईची. पुण्याच्या गुळव्यांची ही सावकारकन्या कजाग म्हणून रंगवली गेली. प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटाने मात्र तिला बरीच माणसात आणली. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात असताना भाकरी घेऊन डोंगर चढायची तीच. घरात दाणा नसताना ती जे बोलली ते रास्तच होते, आणि उद्देशाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक घरात असे बोलणारे कोणीतरी लागतेच.

आणखी एक बाजू चाकणच्या संताजी जगनाडे यांची. ते तेलाच्या घाण्याचे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. संताजींची समाधी चाकणजवळच सुदुंबऱ्याला आहे.

तुकोबा गेल्यावर जन्मलेल्या त्यांच्या मुलाने, नारायणबाबांनी, १६८५ मध्ये पालखी सुरू केली. त्यांना छत्रपतींकडून इनामेही मिळाली. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी देऊळवाड्यातून निघते ती त्या दिवशी देहूबाहेर पडत नाही. रोखे बुडवणाऱ्या महाजनाच्या पादुकांचा पहिला मुक्काम असतो गावातल्याच इनामदार वाड्यात.